लगमव्वाची मूठ

“पोरं जेवली न्हवं?”

बावन्न वर्षं झाली, तरी जयाबाईच्या कानात हा आवाज आहे तसाच आहे. जरा बसका, चुलीच्या धुरानं खरखरीत झालेला, आणि शेवटाला वर जाणारा. विचारणारीला उत्तर ठाऊकच असावं आणि तरी ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची हौस असावी, तसा. आवाज लगमव्वाचा. गावाच्या टोकाला, चिंचेच्या पलीकडं, आता जिथं भीमनगरचा बुद्धविहार आहे, तिथं तिचं खोपट होतं.

बहात्तर साल होतं. पाऊस रुसलेला. बेळगावात गरिबांच्या पोरांचं एक बोर्डिंग होतं आणि त्याची चूल आसपासच्या खेड्यांच्या मुठीवर पेटायची. बाईनं भाताला तांदूळ घेतले की वैरायच्या आधी त्यातली एक मूठ काढून वेगळ्या गाडग्यात टाकायची. दिवसाला एक. घरात माणसं किती आणि तांदूळ किती, हे मूठ विचारत नसे. शनिवारी जयाची आत्या शालूबाई ती गाडगी रिकामी करायला टोपली घेऊन निघायची. शालूबाई पांढऱ्या कपाळाची, पायात कधी काही न घालणारी. गळा मात्र असा की दारातलं कुत्रंही भुंकायचं थांबावं. उंबऱ्याशी उभी राहून ती म्हणायची,

मूठ घाला गं बायांनो, टोपली जड व्हऊ द्या
परगावच्या लेकराच्या, ताटी भात जाऊ द्या

आणि तिच्या मागं, टोपलीचा दुसरा काठ धरून, बारा वर्षांची जया.

शेवटचं दार लगमव्वाचं. तिथं टोपली खाली ठेवायची नसे. शालूबाई कमरेची कापडी पिशवी सोडून जयाच्या हातात द्यायची आणि हळूच म्हणायची, “ही वायली धर, टोपलीत नगो.” लगमव्वा वरून, हात न लागू देता, तांदूळ पिशवीत सोडायची. दुसऱ्यांच्या शेतात कापणी करून मजुरीत मिळालेली साळ, तिनं स्वतः कांडलेली. खडा नाही, कोंडा नाही, तुटका दाणा नाही. साऱ्या टोपलीत तसा तांदूळ नसायचा, हे जयाला तेव्हाही कळत होतं.

तांदूळ सोडून झाला की लगमव्वा दारात उभी राहायची आणि सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात विचारायची, “पोरं जेवली न्हवं?”

“जेवली की,” शालूबाई म्हणायची. “ग्वाड हाय म्हणाली भात.”

लगमव्वाचं तोंड असं उजळायचं की जया खाली बघायची. कारण पुढचं तिला ठाऊक असायचं. घरी आलं की टोपली बोर्डिंगच्या पोत्यात रिकामी व्हायची, आणि पिशवी मागच्या अंगणात. “टाक कोंबड्यांस्नी,” आत्या म्हणायची, आणि जया टाकायची. मूठ मूठ करून, स्वतःच्या हातानं.

एकदा तिनं विचारलं होतं. शालूबाई रागावली नाही, उलट जवळ घेऊन म्हणाली की हा तांदूळ कुणाच्या दारचा हे बोर्डिंगात कळलं तर साऱ्या गावाची मूठ बंद होईल, पन्नास पोरं उपाशी बसतील, तुला तसं पायजे व्हय? जया पिशवी घेऊन अंगणात गेली. चैत्रापासून दिवाळीपर्यंत दर शनिवारी कोंबड्यांनी तो पांढरा तांदूळ टिपला. मग बोर्डिंगला सरकारी धान्य मिळू लागलं, मूठ थांबली. शालूबाई गेली, लगमव्वाही गेली. ती पिशवी कुठं रिकामी व्हायची हे ठाऊक असलेलं एकच माणूस उरलं.

लगमव्वाच्या दारात तेव्हा आणखी एक पोर उभी असायची. आईच्या खांद्याआडून टोपलीकडं बघणारी. तिचं नाव तानू.

*

जयाबाई आता चौसष्ट वर्षांची, आणि तानुबाई तिच्याहून दोन-तीन वर्षांनी थोरली. दोघीही गावातल्या गावातच दिलेल्या. जयाबाईचं घर भाताचं, थोडी भाजी. ती भाजी घेऊन रोज सकाळी बेळगावच्या मार्केटात जायची. तानुबाई एका दवाखान्यात वॉर्डात आया. येळ्ळूरवरून जाणाऱ्या पहिल्या बसला दोघी वीस वर्षं एका सीटवर बसल्या. जागा धरायला तानुबाई आपला जेवणाचा डबा सीटवर ठेवायची, आणि कुणी कुरकुर केली तर म्हणायची, “डब्याचं बी तिकीट काढलंय, बसा मागं.” जयाबाईचं ऑपरेशन झालं तेव्हा सुनेच्या आधी उशाशी तानुबाई होती.

सांगायला वीस वर्षांच्या बसफेऱ्या पुरल्या नसत्या का? पण दर वेळी असं व्हायचं की तानुबाईच आईचा विषय काढायची. “आमच्या आईच्या मुठीनं लोकांची पोरं शिकली. मग म्हटलं, माझं का न्हाय?” असं म्हणत म्हणत तिनं आपल्या लेकाला, भरमाला, शिकवलं. तो निपाणीला हायस्कुलात मास्तर झाला. त्याची पोरगी करिष्मा पोलिसात लागली. जयाबाई खिडकीतून बाहेर भाताची खाचरं बघत राहायची आणि मनात म्हणायची, या बाईच्या घराची भिंत जिच्यावर उभी आहे ती वीट मी कशी काढू?

या करिष्मामुळंच सगळं पुन्हा सुरू झालं.

ती बेळगावात ड्युटीला, पण मुक्काम गावातच आजीकडं. पहाटे गावातल्या पोरींना घेऊन ती शाळेच्या मैदानावर पळायची. पोलीस भरती, मिलिटरी भरती, जिला जे जमेल ते. पोरी चौदा आणि बुटांचे जोड पाच. पाच पळायच्या, बाकीच्या अनवाणी उभ्या राहून आपल्या पाळीची वाट बघायच्या. एका सकाळी सौम्या नावाची पोर तिसऱ्या फेरीत कोसळली. डोळे उघडल्यावर करिष्मानं विचारलं, “काय खाल्लंस सकाळी?” सौम्या म्हणाली, “च्या.” करिष्मानं बाकीच्यांकडं बघितलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. चौदाच्या चौदा चहावर पळत होत्या.

महिला मंडळाची बैठक शाळेच्या व्हरांड्यात भरली. पोरींना रोज न्याहारी द्यायची, आणि जमेल तसे बूट, हे ठरायला वेळ लागला नाही. कशातून, हे मात्र ठरेना. मंडळात बोलण्यात राजाबाईचा हात धरणारी कुणी नाही. ती म्हणाली, गणपतीची पावती झाली, जत्रेची झाली, कुस्त्यांच्या मैदानाची झाली. आता पावतीबुक दिसलं की माणसं मागच्या दारानं शेताकडं पळत्यात.

तेव्हा तानुबाई उठली.

“मूठ काढा की,” ती म्हणाली. “पैसा कुणी मागतंय? घरात भात तर रोज शिजतोय.”

आणि तिनं सांगितलं. बहात्तर साल, खोपट, कांडलेली साळ, बोर्डिंगची पोरं. सांगता सांगता ती गाऊ लागली.

माझ्या मायेची गं मूठ, गेली चार कोसावरी
कुण्या मायेचा गं राघू, जेवला गं पोटभरी

व्हरांड्यात बायका पदरानं डोळे टिपू लागल्या. राजाबाईनं विचारलं, “जया, तू हुतीस न्हवं तवा टोपलीला?”

सगळ्या वळून बघू लागल्या.

“हुतो,” जयाबाई म्हणाली. तेवढंच. आणि त्या एका शब्दावर बायकांनी टोपली तिच्या हाती दिली. जुनी टोपलीवाली, म्हणून तीच पुढारी.

*

बावन्न वर्षांनी जयाबाई पुन्हा गल्लोगल्ली फिरली. आता गाडगी नव्हती. कुणाकडं बिस्किटाचा डबा, कुणाकडं लोणच्याची बरणी. तांदूळ कुकरला लावायच्या आधी पोरंच आठवण करायची, “आई, मूठ.” पहिल्या शनिवारी तिनं सुरुवातच भीमनगरापासून केली, तेव्हा तानुबाई दारातच उभी होती. तिनं मूठ टोपलीत सोडली नाही, जयाबाईच्या तळहातावर ठेवली आणि वरून आपल्या हातानं ती मिटली. “नीट ने,” म्हणाली, “आईची हाय.” जयाबाईनं ती मूठ टोपलीत सगळ्यांत आधी, अगदी तळाशी टाकली. तरी तळहात दिवसभर गरम वाटत राहिला.

पंधरा दिवसांत शाळेच्या खोलीतलं निळं पिंप भरलं. सोमवारी पहिला भात शिजला. आणि भाताच्या गावात भात बिघडला.

या गावच्या बाईला डोळे बांधून उभी करा, वासावरून तांदूळ ओळखेल. त्यामुळंच घोटाळा झाला. जी ती आपल्या मुठीचा विचार करत होती. मधल्या गल्लीनं चढाओढीनं बासमती दिला. शेजारणीनं दिला म्हणून दुसरीनं इंद्रायणी. कुणाच्या सुनेचं माहेर खानापूरच्या रानात, तिनं जाड उकडा तांदूळ दिला. काहींनी रेशनचा. सगळं एका पिंपात. पातेल्यात इंद्रायणीचा गिचका झाला, बासमती मोडला, आणि उकडा दातांखाली कचकच वाजू लागला. सौम्यानं एक घास खाऊन विचारलं, “आजी, ह्यात खडीसाखर घातलीया काय?” पोरी हसल्या. बायकांनी मात्र शरमेनं पातेल्यावर झाकण ठेवलं.

राजाबाईकडं उपाय तयार होता. “सोपं हाय. गल्लीवार पिशव्या करा. मधल्या गल्लीची वायली, वरच्या गल्लीची वायली, भीमनगरची वायली. एक दिस ह्येचा भात, एक दिस त्येचा.”

उपाय शहाणपणाचा होता. बायका माना डोलवू लागल्या.

“न्हाय,” जयाबाई म्हणाली.

इतक्या मोठ्यानं तिला कुणी बोलताना ऐकलं नव्हतं. राजाबाईनं कमरेवर हात ठेवले. “का न्हाय? टोपली दिली म्हंजे राज दिलं व्हय तुला?”

तानुबाईसुद्धा म्हणाली, “जया, अगं बराबर बोलतीया ती. त्यात वंगाळ काय?” जयाबाईला दिसत होती ती कापडी पिशवी. शेवटी ती एवढंच म्हणाली, “एकदा वायलं केलं की वायलंच ऱ्हातंय.”

तानुबाईनं तिच्याकडं बघितलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मग तिनं पिंपात कोपरापर्यंत हात घातला, ओंजळ वर काढली आणि बोटांतून तांदूळ गळू दिला. लांब, आखूड, पांढरा, तांबूस.

“भिजवा,” ती म्हणाली. “राजाबाई, तुझ्याकडं उडदाची डाळ पोत्यानं पडलीया, त्यातली थोडी आण. चिमटीभर मेथी. भिजवायचं, वाटायचं, आंबवायचं आन् आंबोळ्या घालायच्या. वाटल्यावर तांदूळ आपलं गाव सांगतोय व्हय?”

डाळीच्या पोत्याचं गुपित चारचौघींत फुटल्यावर राजाबाईला डाळ आणावीच लागली.

दुसऱ्या दिवशी बिडाच्या तव्यावर पहिली आंबोळी जाळीदार फुलली. उकड्यानं तिला अंग दिलं, इंद्रायणीनं मऊपणा, बासमतीनं वास. ओल्या खोबऱ्याची चटणी होती. पोरी मैदानावरून घामेजलेल्या आल्या आणि बोलायच्या थांबल्या. सौम्यानं चौथी मागितली तेव्हा करिष्मा म्हणाली, “आता पळणार कशी?” ती म्हणाली, “उद्या पळतो.” तव्याशी बसलेल्या तानुबाईच्या तोंडात नवी ओवी आली होती.

भिजला गं तांदूळ, त्याचं इसरलं नाव
एका तव्यावर बाई, सारं जेवतंय गाव

ओवी संपली. पदरानं घाम टिपून तिनं मैदानाकडं मान वळवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “पोरी जेवल्या न्हवं?”

जयाबाईच्या हातातला पळा पिठात बुडाला. तोच आवाज होता. तोच बसका सूर, शेवटाला वर जाणारा.

*

न्याहारीचं बस्तान बसलं. दोन महिन्यांत एकही पोर कोसळली नाही. मग बुटांचा विषय निघाला, आणि करिष्मानंच सुचवलं की रविवारी येळ्ळूरच्या गडावर बेळगावची माणसं फिरायला येतात, पायथ्याशी आंबोळ्यांचा स्टॉल टाकू. मूठ गावाची, कमाई पोरींच्या बुटांची. बोर्ड तिनं कन्नड आणि मराठी दोन्हीत करायचा ठरवला. राजाबाईनं विचारलं, आंबोळीला कन्नडात काय म्हणत्यात? करिष्मा म्हणाली, “दोशेच म्हणतील, आणि काय.” राजाबाई म्हणाली, “मग दर वाडवा की.”

स्टॉलच्या नावाचा एक बोर्ड, आणि शेजारी एक छोटा, मुठीची गोष्ट सांगणारा. ती गोष्ट लिहून करिष्मानं गुरुवारी जयाबाईच्या मोबाइलवर पाठवली.

‘सन १९७२, दुष्काळाच्या वर्षी आमच्या पणजी लगमव्वा यांनी मजुरीच्या धान्यातून रोज एक मूठ तांदूळ बोर्डिंगच्या मुलांसाठी दिला. त्या मुठीवर मुले जेवली, शिकली. तीच मूठ आज पुन्हा.’ आणि खाली: ‘जयाआजी, तेव्हाचं तुम्हालाच माहीत. बरोबर आहे ना? शनिवारी पेंटरला द्यायचंय.’

नातवानं वाचून दाखवलं. जयाबाईनं मोबाइल हातात घेतला आणि अक्षरांकडं बघत बसली. पहिलं वाक्य खरं होतं, अगदी सोन्यासारखं खरं. दुसरं खोटं होतं. सांगितलं तर तानुबाई जाईल. नुसती मंडळातून नाही, बसमधल्या त्या सीटवरून, उशाजवळून, सगळीकडून. आणि नाही सांगितलं, तर जे खोटं आजवर फक्त तिच्या पोटात होतं ते रंगवून गडाच्या पायथ्याशी उभं राहील, आणि येणारा-जाणारा ते वाचेल.

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. शनिवारी करिष्मानं पुन्हा लिहिलं, ‘आजी, गप्प म्हणजे होच समजते. दिला पेंटरला.’

तेव्हा टोपली धरून गप्प होते, जयाबाईला वाटलं, आता फोन धरून.

*

रविवारी सूर्य गडाच्या मागून वर आला तेव्हा पायथ्याच्या चिंचेखाली टेबलं मांडून झाली होती. गॅसच्या शेगड्या, तीन तवे, पिठाचे डबे. पोरी गडाच्या वाटेनं धावत वर गेल्या होत्या. खाली आल्या की आधी त्यांनी खायचं आणि मग विक्री, हा तानुबाईचा नियम. छोटा बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून झाडाला टेकवला होता. करिष्मा सुतळी सोडायला वाकली.

“करिष्मा, थांब जरा,” जयाबाई म्हणाली. “त्यो बोर्ड नगो लावू.”

तानुबाईनं तव्यावरून मान वर केली. “का गं? चुकलंय काय लिवायला?”

जयाबाईनं बोर्डावर नुसता हात ठेवला. तानुबाई थांबली. थांबता थांबता तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओसरत गेलं.

“आमच्या आईचं नाव हितं नगो व्हय, जया?” ती अगदी हळू म्हणाली. “दुसरी कुणी म्हणाली असती तर मला काय वाटलं नसतं. तुझ्या तोंडनं ऐकाया लागलं.”

आपल्या गप्प राहण्याचा हा अर्थ निघेल, हे जयाबाईच्या कधी मनात आलं नव्हतं. ती पुढं झाली, तानुबाईच्या शेजारी खाली बसली, तिच्या कानाशी वाकली आणि सांगितलं. कापडी पिशवी. वायली धर. मागचं अंगण. कोंबड्या. कुणाचा हात. फार शब्द लागले नाहीत. बावन्न वर्षं जे इतकं जड होतं ते तव्यावरची आंबोळी करपायच्या आत सांगून झालं.

तानुबाईनं शेगडी बंद केली.

“किती दिस?”

“चैतापासनं दिवाळीपतोर.”

तानुबाईनं तव्यावरची आंबोळी उलथन्यानं काढून बाजूला ठेवली. “त्या साली आईनं आमाला कण्या घाटून घातल्या,” ती म्हणाली. “कांडल्यावर अख्खा दाणा मुठीला काढायची. म्या रडलो की म्हणायची, परक्या गावातल्या लेकरास्नी तुटका दाणा कसा द्यायचा?”

हे जयाबाईला ठाऊक नव्हतं. तो तांदूळ इतका पांढरा, इतका अख्खा का होता, ते तिला आत्ता कळलं.

तानुबाई उठली, चिंचेच्या पलीकडं जाऊन पाठमोरी उभी राहिली. करिष्मा आजीकडं जायला निघाली, पण दोन पावलांवर थांबली. उन्हाची तिरीप टेबलावर आली. बेळगावकडून पहिली मोटरसायकल आली, एक जोडपं उतरून विचारू लागलं. राजाबाईनं त्यांना बाकावर बसवलं आणि म्हणाली, आदुगर आमच्या पोरी, मग तुमी.

वरून पोरींचा गलका ऐकू आला. एकीमागून एक त्या वाटेनं उतरत होत्या, कुणी बूट घालून, कुणी अनवाणी, सगळ्यांत पुढं सौम्या.

तानुबाई वळली. नळावर हात धुतले, पदराला पुसले, शेगडी पेटवली.

“पीठ कुणासाठी थांबत न्हाय,” ती कुणाकडंच न बघता म्हणाली. तव्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं. पीठ सोडलं, पळ्यानं गोल फिरवलं, झाकण ठेवलं. आंबोळी फुलली तशी उलथन्यानं काढून ताटलीत घेतली आणि ताटली जयाबाईपुढं धरली. “वाढ तिला.”

जयाबाईनं ताटली घेतली. दोन्ही हातांनी सौम्यापुढं धरली. सौम्यानं ती घेतली आणि तिथंच उकिडवी बसून खाऊ लागली. दुसरी आंबोळी उतरली, तीही तानुबाईनं जयाबाईच्याच हाती दिली. मग तिसरी. चौदा जणी गोलात बसल्या, आणि प्रत्येकीच्या पुढ्यात ताटली गेली ती जयाबाईच्या हातानं.

शेवटची ताटली देताना तानुबाईनं ती लगेच सोडली नाही. दोघींचे हात ताटलीच्या दोन काठांवर होते.

“मला कानात सांगितलंस,” ती म्हणाली. “आईनं कानात इचारलं न्हवतं, जया. दारात हुबं ऱ्हाऊन, सगळी गल्ली ऐकंल असं इचारलंतं. तिला कुणी अजून खरं उत्तर दिलं न्हाय.”

तिनं हात सोडला, कमरेत ताठ झाली आणि आईच्या आवाजात, शेवटाला वर नेत, विचारलं, “पोरं जेवली न्हवं?”

घास घेणाऱ्या पोरी थांबल्या. राजाबाई चटणीचं भांडं धरून उभी राहिली. झाडाला टेकलेल्या बोर्डावरचा कागद वाऱ्यानं एका कोपऱ्यातून सुटला होता आणि आत लगमव्वाचं नाव दिसत होतं. जयाबाईनं त्या नावाकडं तोंड केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं,

“न्हाय, लगमव्वा. जेवली न्हाईत. तुझ्या मुठीतला एक दाणा बी पोरांच्या ताटात पडला न्हाय. अख्खा, पांढरा तांदूळ हुता. म्या ह्या हातानं त्यो कोंबड्यांस्नी टाकला, आन् दर शनिवारी तुझ्या दारात टोपली धरून गप्प हुबी ऱ्हायलो.”